दुबईच्या सुनंदा कपूर

सिद्धोधननं परभणीची नोकरी सोडली तेव्हा त्याला इमानदारीचा असा काही झटका आला होता, की विचारू नका. सोलर हीटरच्या एका कंपनीची वेबसाइट त्यानं एकट्यानं उभी केली होती. रंग त्याचे, मांडणी त्याची, अक्षरंसुद्धा त्यानंच निवडलेली. आणि निघताना या शहाण्यानं मालक तात्यारावांना सगळे पासवर्ड दिले, ऑफिसचा लॅपटॉप पुसून कोरा केला, वर "अजून काय राह्यलं असंल तर सांगा" असंही विचारून आला. असलं येडं अख्ख्या पेडगावात दुसरं नव्हतं, हे आता तो स्वतःच मान्य करायचा.

पुण्याच्या एका कंपनीत जागा निघाली. मुलाखतीत त्यानं हीच साइट छाती फुगवून दाखवली. तिथल्या नीलम मॅडमनी खातरजमा करायला तात्यारावांना फोन लावला, तर ते म्हणाले, "साइट मी स्वतः केलीय. ते पोरगं चहा सांगायला होतं."

"काम माझं आन् नाव दुसऱ्याचं!" सिद्धोधननं हे शेजाऱ्यांना ऐकवलं, एसटीत बाजूला बसलेल्या अनोळखी माणसालाही ऐकवलं. त्याची माय लक्ष्मीबाई शेवटी वैतागली. "आरं बस कर बाबा, मला पाठ झालंय."

मॅडम भल्या. त्यांनी पुन्हा व्हिडिओ कॉल ठेवला, पण सांगून टाकलं, "आज पुरावा द्या, नाहीतर दुसऱ्याला घेतो."

रेंज फक्त अंगणात, पाणी तापवायच्या बंबाजवळ. तिथं खुर्ची टाकून सिद्धोधननं निळा रंग का निवडला यावर लंबंचवडं भाषण ठोकलं. मॅडम म्हणाल्या, "हे कुणीही सांगेल." त्याच्या तोंडाला कोरड पडली. गेली नोकरी, असं त्याच्या मनानं घेतलं.

तेवढ्यात लक्ष्मीबाई चहा घेऊन थेट कॅमेऱ्यात शिरली. "बाई, घसा सुकलाय लेकराचा. दोन घोट पिऊ द्या."

"माय, सरक ना!"

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "या कोण?"

"माझी आई."

"अहो, या तर सुनंदा कपूर! दुबईच्या!"

सिद्धोधनला एकदम आठवलं. साइटवर 'समाधानी ग्राहक' असा एक कोपरा होता. कंपनीकडं एकाही समाधानी ग्राहकाचा फोटो नव्हता आणि तात्यारावांना तर लय घाई. मग त्यानं मोबाइलमधला मायचा धम्मचक्र दिनाचा, पांढऱ्या साडीतला फोटो डकवला आणि खाली लिहिलं, 'या हीटरनं आमचं आयुष्य बदललं. सुनंदा कपूर, दुबई.' नंतर बदलू म्हणाला आणि पार विसरून गेला.

"मावशी, तुम्ही हा हीटर घेतलाय?"

"कंचा हीटर? आमच्याकडं ह्यो बंबच हाय, बघा की." लक्ष्मीबाईनं फोन धुराकडं फिरवला.

मॅडमनी हसू दाबत दुसऱ्या फोनवरून तात्यारावांना विचारलं, या सुनंदा कपूर कोण? तात्यारावांचा आवाज अंगणापर्यंत आला. "आमच्या जुन्या ग्राहक! दुबईला असतात. अगदी घरचे संबंध आहेत."

"सोमवारी रुजू व्हा," मॅडम सिद्धोधनला म्हणाल्या. "पण असले खोटे ग्राहक आमच्याकडे चालणार नाहीत."

सिद्धोधननं मान डोलावली. शरमेनं कान तापले होते. रंग, मांडणी, अक्षरं यांना कुणी विचारलं नाही, आणि नोकरी मिळाली ती थापेच्या जोरावर! तरी आनंद मावत नव्हता.

"दाखव तरी मला काय ते," माय म्हणाली. त्यानं फोन पुढं केला. ती सातवी शिकलेली, तिनं अक्षर अक्षर लावून वाचलं.

"फोटू झ्याक आलाय. पण ही सुनंदा कोण रे?"

"कोणी न्हाई. आसंच टाकलं व्हतं."

"म्हंजी तोंड माझं आन् नाव दुसरीचं?"

सिद्धोधननं चहाचा कप उचलला. चहा कधीच गार झाला होता. तो त्यानं तसाच पिऊन टाकला.