झेंडूच्या पानावरची आजी

मुखपृष्ठ

चित्र असं: केशरी फुलांची कमान. कमानीखाली रुंद चेहऱ्याची एक म्हातारी, दोन्ही खांद्यांवर वेण्या सोडलेली. पायाशी कुत्रं. वरती अक्षरं. अक्षरं प्रभाताईंना वाचता येत नव्हती. अक्षरं सोडून बाकी सगळं येत होतं.

"अगं, हा तर झेंडू," त्या म्हणाल्या.

शेजारी बसलेल्या ईश्वरीनं, त्यांच्या पाच वर्षांच्या नातीनं, पान उलटलं.

पुस्तक ईश्वरीच्या किंडरगार्टनमधून आलं होतं. तिच्या गटातल्या एका मुलाची आई, मारिसोल, मेक्सिकोची. तिचा नवरा आणि प्रभाताईंचा मुलगा गौरांग, दोघंही जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या एकाच केमिकल कारखान्यात. या मारिसोलनं आपल्या देशाची चित्रांची पुस्तकं खोकंभर आणून दिली होती, अर्धी ओळ स्पॅनिश, अर्धी जर्मन. मुलांनी कापडी पिशवीतून एकेक घरी न्यायचं, वाचून झालं की बदलून आणायचं. ईश्वरीनं मात्र हे एकच धरून ठेवलं होतं. बदलू देत नव्हती.


आतलं पान, डावीकडचं

चित्र: एक बाई गुडघ्यावर बसून दगडावर काहीतरी वाटते आहे.

पाटा-वरवंटा! प्रभाताई हरखल्या. पाट्याला तीन पाय होते, पण म्हणून काय झालं. शेजारी तवा, तव्यावर भाकरी. कराडच्या त्यांच्या स्वयंपाकघरात या बाईला आणून बसवली असती तर तिला मीठ कुठे आहे एवढंच विचारावं लागलं असतं.

"ही आजी," त्यांनी अगदी हलक्या आवाजात वाचायला सुरुवात केली, "सकाळी उठून मक्याच्या भाकऱ्या करते. मग नात येते आणि म्हणते, आजी, मला लोणी..."

"नाइन," ईश्वरी म्हणाली. "दास श्टेट दा निश्त."

एवढं जर्मन प्रभाताईंना आता कळायला लागलं होतं. असं काही लिहिलेलं नाहीये तिथे.

"मग काय लिहिलंय? तू सांग."

ईश्वरीला पुस्तक पाठ होतं. तिनं ते जर्मनमध्ये घडाघडा म्हणून दाखवलं, पान न बघता, प्रभाताईंकडे न बघता.


पान उजवीकडचं (यावर चित्र नाही)

हळू बोलायचं कारण खालच्या मजल्यावरच्या हुबनरबाई. प्रभाताई आल्या त्याच आठवड्यात त्या वर येऊन गेल्या होत्या. फार अदबीनं बोलल्या. त्या गेल्यावर सून स्वरूपानं दार लावलं आणि म्हणाली, "आई, जरा हळू बोलत जाल का? दुपारी रूहेत्साइट असते. शांततेची वेळ. आणि रविवारी तर दिवसभरच."

"मी कुठे ओरडले?"

"ओरडला नाहीत हो. तुमचा आवाजच तसा आहे."

आवाज तसा होता खरा. माहेर शेतातलं, या बांधावरून त्या बांधावर बोलायची सवय. यशवंतराव म्हणायचे, तुला पोस्टाची गरजच काय, दारात उभी राहा, साताऱ्याला ऐकू जाईल. पण यशवंतराव आता नव्हते. मागच्या वर्षी गेले. त्यांच्यामागे प्रभाताईंनी कुंकू सोडलं, केस काळे करणं सोडलं, आणि गौरांगनं फारच लावून धरलं म्हणून तीन महिन्यांच्या व्हिसावर इथे आल्या. इथे आल्यावर आवाजही सोडला. सकाळी गौरांग कारखान्यात, स्वरूपा तिच्या ऑफिसात. प्रभाताई घरात पायमोजे घालून मांजरासारख्या वावरत. कुकरची शिट्टी झाली की त्यांचाच जीव दचके. खिडकीतून धुराडी दिसत. दुपारी त्या कोपऱ्यावरच्या किंडरगार्टनमधून ईश्वरीला घेऊन येत. ती दोन पावलं पुढे चाले.

त्यांना एकच हवं होतं. विमानात बसायच्या आधी या पोरीनं आपल्याला एकदा आजी म्हणून हाक मारावी. फोनवर तर मारायची! दर रविवारी सकाळी गौरांग कार्ड लावून कराडला फोन करायचा आणि पहिला आवाज हिचाच, "आजी, गोष्ट!" प्रभाताई लाइनच्या खरखरीवर मात करत तारस्वरात कोल्हा-करकोचा सांगायच्या आणि ही तिकडे खिदळायची. आणि आता समोर बसलेय तर हूं नाही की चूं नाही.

"लाजतेय," स्वरूपा म्हणायची.

"या, या, लाजतेय," गौरांगही म्हणायचा. त्याच्या बोलण्यात हे जर्मन या-या, म्हणजे हो-हो, फार यायचं. प्रभाताईंना पहिले काही दिवस वाटायचं, दारात कुणी आलंय, त्यांना आत बोलावतोय.


जोडपान (पुस्तकाच्या मधोमध, शिलाई दिसते ते)

चित्र: पायऱ्यापायऱ्यांचं मखर. वर कातरलेल्या कागदाच्या पताका, मेणबत्त्या, गोड पाव, झेंडूच झेंडू. मध्ये एक फोटो. दारापासून मखरापर्यंत पाकळ्यांची वाट.

हे मारिसोलनं स्वरूपाला समजावून सांगितलं होतं, आणि स्वरूपानं प्रभाताईंना. गेलेल्या माणसांचा सण. ती वर्षातून एकदा घरी येतात. झेंडूच्या वासावर वाट काढत येतात. त्यांच्या आवडीचं खायला ठेवायचं.

"म्हणजे आपलं पितरांचंच," प्रभाताई म्हणाल्या. "पण दुःखाचं दिसत नाही."

"नाहीच. हसतात-खेळतात म्हणे."

नोव्हेंबर लागताच किंडरगार्टननं तो सण करायचा ठरवला. आईबाबांनाही बोलावलं होतं. स्वरूपानं अर्धी रजा टाकली. प्रभाताईंनी इस्त्रीची साडी नेसली, वर गौरांगचा जाड कोट घातला.

मखर खरंच पुस्तकातल्यासारखं झालं होतं. पताका मुलांनी कातरलेल्या, पाव मारिसोलनं भाजलेला. प्रत्येक मुलानं एकेक फोटो आणून मांडला होता. कुणाचे पणजोबा, लष्करी टोपीतले. कुणाचं कुत्रं. एका मुलीचा हॅम्स्टर. प्रभाताई कौतुकानं एकेक पायरी बघत वर गेल्या.

सगळ्यात वर त्या स्वतः होत्या.

पैठणी, नाकात नथ, काळेभोर केस, रुपयाएवढं कुंकू. गौरांगच्या लग्नातला फोटो. तो घरी फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला असे. सकाळी दूध काढताना चुंबक नुसतंच दिसलं होतं, तेव्हा वाटलं, पडला असेल. फोटोला झेंडूची माळ घातलेली. पुढ्यात बेसनाचा लाडू, दिवाळीला प्रभाताईंनीच वळलेला.

हार घातलेला आपला फोटो जित्या माणसानं बघू नये म्हणतात. खरं तर तसं कुणी म्हणतही नाही. म्हणायची वेळच कुणावर येत नाही.

तेवढ्यात ईश्वरीच्या बाई, फ्राउ लेन्त्स, जवळ आल्या. त्यांनी प्रभाताईंचा हात दोन्ही हातांत घेतला, दाबला, मान हलवत हळुवारपणे काहीतरी बोलल्या. शब्द कळले नाहीत. हात कळला. यशवंतराव गेले तेव्हा तेरा दिवस लोक असाच हात धरून बसले होते. बाई त्यांना ईश्वरीची दुसरी आजी समजत होत्या. वारलेल्या आजीबद्दल त्या प्रभाताईंचं सांत्वन करत होत्या.

"डांके," प्रभाताईंनी आभार मानले. दुसरं काय म्हणणार?

मग स्वरूपानं बघितलं.

"ईशू! अगं हे काय केलंस!" तिनं पुढे होऊन माळ ओढली. दोरा तुटला, झेंडू पायऱ्यांवरून टपटपत खाली आले, पणजोबा आडवे झाले. सगळं शांत. आणि त्या शांततेत ईश्वरीनं जो गळा काढला, तो ऐकून प्रभाताईंना पहिल्यांदा वाटलं, ही आपल्याच घराण्यातली.

"असू दे गं," त्या सुनेला म्हणाल्या. "लहान आहे."

हळूच म्हणाल्या. तिथे हुबनरबाई नव्हत्या तरी.


पान फाटलेलं, चिकटपट्टी लावलेलं

त्या संध्याकाळी गौरांगनं पोरीला मांडीवर घेऊन विचारलं. ती हुंदके देत जर्मनमध्ये बोलत राहिली. प्रभाताई समोरच्या खुर्चीत. बोलणं संपलं तरी कुणी त्यांना सांगेना.

"काय म्हणतेय?"

गौरांगनं स्वरूपाकडे बघितलं. स्वरूपानं फ्रिजकडे.

"आल्झो... म्हणजे, आई, ती म्हणतेय, फोनमधली आजी गेली."

"गेली म्हणजे?"

"रविवारचा तिचा फोन होत नाही आता. खूप रविवार झाले. ती वाट बघते. कुणी तिच्याबद्दल बोलतसुद्धा नाही. म्हणून तिला वाटलं..."

खरंच होतं. प्रभाताई इथे आल्यापासून कराडला फोन कोण करणार, आणि कुणाला? त्या घराला कुलूप होतं.

"अरे, पण ती मीच ना!"

"सांगितलं मी. तीच ही, म्हटलं."

"मग?"

"नाही म्हणते." गौरांग ओशाळून हसला. "म्हणते, ती मोठ्यांदा बोलते. ती हसते. तिला गोष्टी येतात. ही आजी नुसती कुजबुजते."

"मग मी कोण तिच्या लेखी?"

"बेझुख," ईश्वरी मध्येच म्हणाली. तिला सगळं मराठी कळत होतं.

पाहुणी. हाही शब्द प्रभाताई शिकल्या होत्या.

त्या उठल्या, फोटो परत फ्रिजवर लावला. चुंबक नीट बसेपर्यंत बघत राहिल्या. फोटोतली बाई खरंच हसत होती. तिच्या शेजारी यशवंतरावांची बाही दिसत होती, फक्त बाही.


पान, ज्याच्यावर सगळीकडे आकाश आहे

रविवारी नाश्ता झाल्यावर प्रभाताई म्हणाल्या, "गौरांग, तुझा मोबाइल दे. मी बागेत जाऊन येते."

"मोबाइल कशाला? रस्ता चुकशील का?"

"घरचा फोन वाजला की तिलाच उचलू दे. तू मध्ये पडू नकोस."

त्यानं आईकडे बघितलं. मग नंबर लावून, कुठलं बटण दाबायचं ते दाखवून मोबाइल तिच्या हातात दिला.

एबर्टपार्कात रविवारचं जुनाट ऊन होतं. पानं गळालेली, बाकं ओली. सिग्नलजवळच्या फाटकातून आत येऊन त्या थेट मधल्या हिरवळीवर गेल्या, जिथे जवळपास घर नव्हतं. बटण दाबलं. वाजलं. पुन्हा वाजलं.

"हालो?"

"ईशूऽऽ! अगं आजी बोलतेय!"

कुत्र्याला फिरवणारा एक म्हातारा जागीच थांबला. कुत्रंही. प्रभाताईंना पर्वा नव्हती. किती दिवसांनी छातीतून आवाज निघाला होता; तळघराचं दार उघडल्यासारखा.

पलीकडे श्वास. मग किंकाळी. "आजी! आजी, तू आली!"

मराठीत.

"आले गं बाळा!"

"तू... फुलं बघितली? मी फुलं ठेवली. लाडू ठेवला."

प्रभाताईंनी तोंड उघडलं. काय सांगायचं ते ठरवून आल्या होत्या. एकदम सांगून टाकायचं होतं: अगं वेडे, मी मेले नव्हते, मी तुमच्याच घरात आहे, मीच ती. पण पलीकडे पोरगी श्वास रोखून उभी होती.

"बघितली," त्या म्हणाल्या. "सगळ्यात वरच्या पायरीवर होती. लाडू छान होता."

"मामानं माळ तोडली."

मामा म्हणजे आई; जर्मन मामा. "असू दे. तेवढ्यात मी वास घेतला होता."

ईश्वरी खिदळली. तेच खिदळणं. प्रभाताई हिरवळीवर उभ्या राहून डोळे पुसत कोल्हा-करकोचा सांगू लागल्या, अख्ख्या बागेला ऐकू जाईल असा. करकोच्याची चोच सुरईत गेली तेव्हा पोरगी हसून लोळली असावी, कारण रिसीव्हर आपटल्याचा आवाज आला.

मग ती गंभीर झाली. "आजी, इकडे एक आजी आहे."

"हो का? कशी आहे?"

"ती हळू बोलते. पुस्तक चुकीचं वाचते." थोडं थांबून, "दुपारी ती रडते. बाथरूममध्ये. नळ सुरू करून. तिला वाटते मला ऐकू नाही येत."

कुत्र्यावाला म्हातारा आता लांब गेला होता.

"तू तिच्याशी बोलतेस का?"

"ती जर्मनीत राहते. मी तिच्याशी जर्मन बोलते. तिला नाही येत." आणि मग, युक्ती सुचल्यासारखं, "आजी, तू बोल ना तिच्याशी! तू मोठ्यांदा बोल. ती हसेल. थांब हां. ठेवू नको!"

"ईशू, अगं ऐक..."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा ठक्क आवाज. त्यामागून पावलं. धावणारी, हुबनरबाईंच्या छतावर धाडधाड आपटणारी.

"आजी!" हॉलमधून. "आजी, फोन!" स्वयंपाकघरातून, लांबून. "आजीऽऽ! तुझा फोन आहे!"

स्पष्ट मराठीत. त्यांच्यासाठी, पाहुण्या आजीसाठी.


शेवटचं पान

चित्र: रस्ता ओलांडायची जागा. लाल सिग्नल.

प्रभाताई मोबाइल कानाला लावून बागेच्या फाटकातून भराभरा बाहेर पडल्या होत्या. फोन बंद केला नव्हता. करवत नव्हता. रस्त्यावर एकही गाडी नव्हती, दूरपर्यंत नव्हती, तरी पलीकडे एक जोडपं लाल दिव्यासाठी निमूट उभं होतं, म्हणून त्याही उभ्या राहिल्या.

कानात पोरगी एकेक दार उघडत होती. बाथरूमचंही उघडलं.

"आजी? आजी, कुठे आहेस?"

उत्तर फोनमधून दिलं असतं तर ते दुसऱ्याच आजीचं झालं असतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. दिवा लालच होता.