दोन गाठी

अमृतप्पा पोस्टमननं पाकीट पुढं केलं आणि गुरुबाईचा हात पोचायच्या आत मागं घेतलं.

"अक्का, हे तुमचं न्हाई."

"मग आमच्या दारात कामून आणलास?"

"बापाचं नाव तुमच्या मालकाचं हाय, गाव आपलंच हाय. पण वर शिवप्पा लिहिलंय. शिवप्पा गुरुशांतप्पा, मुक्काम हळ्ळीखेड. तुमाला पोरगा हाय का?"

नव्हता. एकच मुलगी होती, शिवम्मा, आणि हे अमृतप्पाला चांगलं ठाऊक होतं. तिच्या बारशाच्या घुगऱ्या त्यानंही खाल्ल्या होत्या. पण खाकी टोपी डोक्यावर चढली की त्याची ओळखपाळख संपायची. नाव जुळत नाही, तर कागद परत जाणार, असं त्यानं सांगितलं.

गुरुबाई असल्या नियमाला दाद देणारी नव्हती. तिनं त्याला ओट्यावर बसवलं, तांब्याभर ताक पुढं ठेवलं, आणि तो पीत असताना पाकिटाकडे पाहत राहिली. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून कागदाचं कुतूहल तिला शिकलेल्यांपेक्षा जास्त. हा शिक्का कुठला, टपालाची पिशवी हुमनाबादला कोण उघडतं, वाटेत पाऊस लागला तर शाई पसरत नाही का, असल्या चौकशा करून करून तिनं दोन महिन्यांत त्या माणसाला भंडावून सोडलं होतं.

त्या दोन महिन्यांचं कारणही तसंच होतं. शिवम्मा गुलबर्ग्याला मामाकडे राहून इंटर झाली आणि तिनं हैदराबादच्या मेडिकल कॉलेजात अर्ज टाकला. तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार हे टपालाचे दोन वार गुरुबाईनं दारात उभं राहून काढले होते. गावातले लोक यायचे, काय झालं विचारायचे आणि पोरीनं मढी कापायची म्हणजे कसं, हेही हळूच विचारायचे. गुरुबाई त्यांना सांगायची की बसवण्णाच्या माणसाला सुतक नसतं, तुमाला काय त्याचं. मग माणसं गेली की मुलीला तीच विचारायची, मढ्यात खरंच काय काय असतं, काळीज डावीकडंच असतं का, आणि सगळ्यांचं एकाच जागी असतं का.

आठ दिवसांपूर्वी कॉलेजचं पत्र आलं. जागा मिळाली होती. पंचमीच्या आत फी भरायची होती, आणि ती गुरुशांतप्पाच्या किराणा दुकानातून निघणारी नव्हती. सरकारी स्कॉलरशिपचं उत्तर दिवाळीपर्यंत येईल असं कळलं होतं; दिवाळीला फी कोण घेतो? कोहिनूर गावच्या बसलिंगप्पानं मात्र निरोप धाडला होता. मुलगी आमच्या घरात द्या, शिकवायचं आम्ही बघू. लग्न आधी, शिकणं मग. या 'मग'ची किंमत काय, ते गुरुबाई जाणून होती. तिच्या बापानंही तिला शाळेत मग घालतो म्हटलं होतं. आता उरला होता तो सोलापूरकडच्या व्यापाऱ्यांचा शिक्षणाचा फंड. तिकडंही अर्ज गेला होता, आणि अमृतप्पाच्या हातातल्या पाकिटावर शिक्का होता तो त्याच फंडाचा. आतून आलेल्या शिवम्मानं तो वाचला आणि ती दारातच उभी राहिली.

तेवढ्यात गुरुशांतप्पा दुकानातून जेवायला आला. त्यानं पाकिटावरचं नाव वाचलं, आमचंच हाय म्हणाला आणि ते घेतलं. नाव चुकलंय काय, असं अमृतप्पानं विचारलं, तेव्हा तो खाली वाकला. चपला काढायला त्याला त्या दिवशी जरा जास्तच वेळ लागला.

पत्र शिवम्मानं मोठ्यानं वाचलं. चि. शिवप्पा गुरुशांतप्पा यांस वैद्यकीय शिक्षणासाठी मदत मंजूर. पहिल्या वर्षाची फी फंड परस्पर भरील, वर दरमहा चाळीस रुपये, इंग्रजी कलदार. अर्जदारानं येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता हे पत्र, कॉलेजचं पत्र आणि गुणपत्रक घेऊन सोलापुरात समक्ष हजर राहावं. वाचून झाल्यावर ती हसली आणि मग तिचं हसू गेलं.

"अप्पा, कारकुनानं चूक केली. आजच पत्र टाकून कळवू या."

"बघू," गुरुशांतप्पा म्हणाला.

गुरुबाईला नवल वाटलं. बाजारात लोक त्याच्या काट्याची शपथ घेत. तोलून झाल्यावर वर चिमूटभर टाकल्याशिवाय त्यानं कधी पुडी बांधली नव्हती. असा माणूस दुसऱ्याची चूक कळवायला 'बघू' म्हणतो, हे तिच्या मनातून जाईना. ती त्याला वाढताना बघत राहिली. त्यानं भाकरी अर्धी ठेवली.

दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापायला बसताना तिनं मुलीला शेजारी बोलावलं.

"काय चुकलंय ते दाव मला."

शिवम्मानं परातीतलं ज्वारीचं पीठ तळहातानं सारखं केलं आणि बोटानं आपलं नाव लिहिलं. त्याच्याखाली दुसरं लिहिलं. गुरुबाई वाकून बघू लागली. सुरुवात दोन्हीकडे सारखीच होती. फरक शेवटी होता.

"हा म. ह्याला खाली गाठ असती. हा प, ह्याला गाठ न्हाई. आन् जोडाक्षर हाय, म्हणून दोन गाठी. एक अर्ध्याला, एक पुऱ्याला."

"एवढ्या दोन गाठीनं बाईचा बाप्या व्हतो?"

"व्हतो की."

"माझ्या नावात हाय का गाठ?"

"म न्हाई अव्वा तुझ्या नावात."

गुरुबाई जरा हिरमुसली. मग तिनंच बोट पिठात घातलं आणि वरचं नाव तीनदा गिरवलं. पहिल्यांदा गाठ बटाट्याएवढी झाली, तिसऱ्यांदा जमली. त्या दिवशी भाकऱ्यांना उशीर झाला. चुलीला जाळ धरेना म्हणून तिनं पोस्टाचं ते पाकीट आत घातलं आणि वरचं नाव जळताना बघितलं.

शुक्रवार आला. पत्र अजून कोनाड्यात होतं. सोलापूरला काही कळवलं नव्हतं, जायचं की नाही तेही ठरलं नव्हतं. शिवम्मा दोनदा बापाजवळ जाऊन परत आली. कोहिनूरचा माणूस मात्र दुपारी दुकानावर येऊन गेला, सोमवारी उत्तराला येतो म्हणाला. हे ऐकल्यावर शिवम्मानं कॉलेजचं पत्र काढलं, पुन्हा वाचलं आणि पेटीत तळाशी ठेवून दिलं. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं गुरुबाईला वाटलं.

शनिवारी सकाळी बडीशेप संपली म्हणून तिनं शिंकाळ्यातली नवी पुडी सोडली. गुरुशांतप्पाच्या घरात कागद वाया जात नसे. वह्यांची पानं, जुन्या पावत्या, लग्नाच्या पत्रिका, सगळ्याच्या पुड्या व्हायच्या आणि त्यांतल्याच काही घरी यायच्या. गुरुबाईनं बडीशेप डबीत ओतली आणि सवयीनं कागद सरळ केला. आतल्या बाजूला शाईचं लिहिलेलं होतं. टपोरं, गोल अक्षर. ते कुणाचं हे सांगायला वाचता येण्याची गरज नव्हती. फंडाचा अर्ज त्यानंच लिहिला होता, कारण घरात अक्षर मोत्यासारखं त्याचंच.

एकाखाली एक, पिठातलं तेच नाव चारदा लिहिलं होतं. तिनं बोट ठेवलं. पहिल्याला गाठी होत्या. दुसऱ्याला होत्या, आणि त्यावर काट मारली होती. तिसऱ्याला होत्या आणि शाईचा मोठा डाग होता, कुणी टाक टेकवून विसरून गेल्यासारखा. चौथ्याला गाठी नव्हत्या.

ती खाली बसली. जन्मात पहिल्यांदा तिनं काही वाचलं होतं, आणि ते हे होतं. तिला नवऱ्याचा राग आला. मग तो डाग परत बघितला आणि राग कुठं ठेवावा ते तिला कळेना. तिसऱ्या आणि चौथ्या नावामध्ये तो किती वेळ बसला असेल, गिऱ्हाईक आलं असेल का, त्यानं त्याला चिमूटभर जास्त टाकलं असेल का, असं काहीबाही तिच्या मनात येत राहिलं.

शिवम्मा शेजारी निलम्माकडे गेली होती. गुरुबाईनं कोनाड्यातलं पत्र काढलं, टाक आणि दौत घेतली आणि पाटावर कागद पसरला.

दुपारी गुरुशांतप्पा जेवायला आला. तिनं काही विचारलं नाही. तिनं काही न विचारणं हेच मुळात विचित्र होतं. जेवण झाल्यावर तिनं बडीशेप हातावर न देता त्या सरळ केलेल्या कागदावर घालून त्याच्यापुढं ठेवली. शेजारी फंडाचं पत्र ठेवलं. गुरुशांतप्पानं कागद ओळखला. बराच वेळ त्यानं बडीशेपेला हात लावला नाही.

"पोरीचा अर्ज उघडतच न्हाईत, असं हुमनाबादच्या बाजारात सांगितलं मला," तो खाली बघत म्हणाला. "वाचावा तरी, एवढंच म्हणणं व्हतं माझं."

"वाचला की त्यांनी."

"आता समक्ष बोलवलंय. गुणपत्रकावर शिवम्मा हाय. मी तिथं कोणत्या तोंडानं हुबा राहू? आन् न्हाई गेलो तर बसलिंगप्पा हाय."

"विचारलं तर खरं सांगायचं. बाप चुकला म्हणायचं, आईनं दुरुस्त केलं म्हणायचं."

मग त्यानं पत्राकडे पाहिलं. चि. शिवपर्यंत कारकुनाची रेघ बारीक आणि सरळ होती. पुढं एका अक्षराच्या पायाशी जाड, ओली, शाई फुटलेली गाठ बसली होती. ती बघून त्याच्या ओठाचा कोपरा हलला. तो कागद उजेडाला धरून बारकाईनं बघू लागला, काटा स्थिर झाला की नाही ते बघावं तसा.

"एकच मारलीस," तो म्हणाला. "अर्ध्याची राहिली."

पिठात गुरुबाईनं दोन्ही गिरवल्या होत्या, तीनदा. तिनं दौत त्याच्याकडे सरकवली. दौत आधीपासूनच ताटाशेजारी होती.

गुरुशांतप्पानं धोतराला हात पुसले. टाक बुडवला, काठाला टेकवून जास्तीची शाई निथळू दिली आणि वाकून दुसरी गाठ मारली. ती चांगली आली. मग तो फुंकर घालत बसला, शाई वाळली तरी बसला. दारातून मुलगी अंगणात आलेली दिसली तेव्हा त्यानं हाक मारली. ती चार पावलांवर होती, तरी त्यानं पूर्ण नाव घेतलं आणि शेजारच्या तीन घरांत ऐकू जाईल एवढ्यानं घेतलं.

"शिवम्मा, कॉलेजचं पत्र पेटीतनं काढून ठेव. उद्या सकाळची मोटार हाय."