दोन मिनिटांची गायिका

भूमिकाले नाटकात घेऊ नको, असं मी सुमंतले तोंडावर सांगितलं होतं. सुमंत आमचा दिग्दर्शक. मी वामनराव, चाळीस वर्षांपासून नागपुरात संगीत नाटकाले पेटी वाजवून राहिलो, म्हणून माझ्या तोंडी सहसा कोणी लागत नाही. पण त्यानं ऐकलं नाही. पोरगी खापरखेड्याची, टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत चौथी आलेली. म्हणे, तिच्या नावावर तिकिटं खपतीन.

खपतीन गा, पण गाणं?

पहिल्याच तालमीत दिसलं. तिचं मोठं गाणं दुसऱ्या अंकाच्या शेवटी होतं. नाटकातली बाई वीस वर्षांचा संसार सोडून निघते, ट्रंक भरता भरता गाते, अन् गाणं संपलं की दार उघडून निघून जाते. चांगलं सहा मिनिटांचं गाणं. भूमिकानं एक कडवं म्हटलं, वरच्या पट्टीत जाऊन आली, हात जोडले अन् समोर पाहून हसत उभी राहिली.

"काय वं, काय झालं?" मी म्हटलं.

"झालं ना काका. आता..." अन् तिनं जोडलेले हात खाली घेतले. समोर परीक्षक कुठले, रिकाम्या खुर्च्या होत्या. स्पर्धेत दोन मिनिटं गायचं अन् मग शेरा ऐकायले उभं राहायचं, तीच सवय अंगात भिनली होती.

सगळे हसले. माझं डोकं सटकलं. "नवऱ्याचं घर सोडून जाऊन राहिली तू, अन् मार्क कोणाले मागून राहिली?"

मले वाटलं रडते आता. रडली नाही. दुसऱ्या दिवशी तालमीच्या दोन तास आधी बसनं आली अन् माझ्यासमोर मांडी घालून बसली. "काका, दोन वर्षं मी तेच दोन मिनिटं गाऊन राहिली. आता लग्नात गायच्या सुपाऱ्याही येत नाहीत. हे नाही जमलं तर लोक म्हणतीन, होती टीव्हीवाली एक. मले पूर्ण गाणं शिकवा."

महिनाभर घासलं आम्ही. सुमंतनं बजावलं होतं, पहिला प्रयोग पडला तर दुसऱ्याले आमच्याच मंडळीतली दुसरी गायिका, नंदिनी, उभी राहीन.

पहिला प्रयोग हाऊसफुल्ल. दुसऱ्या अंकात भूमिका ट्रंकेत साड्या ठेवत गात होती अन् सहा मिनिटं कोणी खोकलंही नाही. शेवटची ओळ संपली अन् थिएटर गरजलं, "वन्स मोअर! वन्स मोअर!"

लोकांनी वन्स मोअर मागितला की थांबायचं अन् गाणं पुन्हा म्हणायचं, हा संगीत नाटकाचा रिवाज. आमच्या कोण्याच नाटकाले तो कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग, माझ्या बोटांनी सुरुवात वाजवलीसुद्धा.

भूमिका दाराशी, हातात ट्रंक. तिनं पेटी ऐकली, माझ्याकडे पाहिलं. लहानपणापासून टाळ्यांसाठी गायलेली पोरगी, मले वाटलं आता वळते. तिनं दार उघडलं अन् निघून गेली.

मी पेटीचा भाता सोडला. लोक ओरडूनच राहिले होते. स्टेजवर नवरा झालेला गौरांग एकटा त्या उघड्या दाराकडे पाहत उभा. मग मागच्या रांगा शांत झाल्या, मग पुढच्या. ती बाई खरंच गेली, हे सगळ्यांले कळलं. कोणीतरी हुंदका दिला. अन् मग अख्खं थिएटर उभं राहून टाळ्या वाजवायले लागलं. गौरांगले पुढचं वाक्य बोलताच येईना.

पडदा पडल्यावर मी तणतणत विंगेत गेलो. "काहून नाही घेतला वं वन्स मोअर? जिंदगी जाते माणसाची त्याच्यासाठी."

तिनं ट्रंक खाली ठेवली. "काका, वीस वर्षांनी हिंमत करून निघाली ती बाई. टाळ्यांसाठी तिले परत त्या घरात कशी आणू?"

बाहेर टाळ्या सुरूच होत्या. सुमंत धावत आला, पुढचे सगळे प्रयोग भूमिकाच करीन म्हणे. मले ते अर्धंच ऐकू आलं.

"पेटी मी वाजवायलेच नको होती, पोरी," मी म्हटलं. "चूक माझी झाली." चाळीस वर्षांत हे वाक्य मी कोण्या गाणाऱ्याले म्हटलं नव्हतं.