आधी धक्का की आधी वार

बर्नी गावच्या खेळमंडळाचा रविवार चर्चमागच्या हॉलमध्ये जायचा. चार टेबलं, त्यांवर हिरवं कापड, कापडावर थर्मोकोलच्या टेकड्या, आणि त्या टेकड्यांमध्ये हाताने रंगवलेल्या, अंगठ्याएवढ्या मूर्तींची लढाई. खेळाचं नाव ‘नऊ गड’. तो काढणारी कंपनी वीस वर्षांपूर्वी बंद पडली होती, त्यामुळे कुठल्या मूर्तीची खास शक्ती कधी आणि कशी चालते याबद्दल शंका आली की विचारायला जागा एकच उरली होती, ती म्हणजे ग्लेनिस पायबस.

ग्लेनिस अठ्ठावन्न वर्षांची होती. गाडीच्या लायसन्सची परीक्षा घ्यायची तिची नोकरी. शेजारच्या सीटवर बसायचं, फेरी संपली की पास की नापास ते सांगायचं आणि उतरायचं. रडारड झाली तरी निकाल बदलायचा नाही. मंडळाने तिला पंच नेमलं ते बहुधा याच गुणावर.

त्या जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीत, तिने ठरवलं, दर रविवारी तेच तेच वाद घालण्यापेक्षा एकदाचं सगळ्या शक्तींचं खुलासेपत्र करून टाकावं. शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नियमपुस्तक उघडून ती बसली. ‘अदृश्य असताना वार केला तर दिसू लागतो का?’ लागतो. ‘उडणाऱ्याला नदी आडवी येते का?’ नाही. असं करत करत नऊ शक्ती झाल्या. दहावी, धक्क्याची, तपासायला ती लांडग्यांच्या पानावर गेली, तर तिथल्या चित्राखाली बारीक अक्षरात एक ओळ होती: ‘वाराचा निकाल लागला, की मगच मूर्ती मागे ढकलावी.’

तिने चष्मा पुसून ओळ पुन्हा वाचली. मग चहा तसाच टाकून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

गेल्या वर्षीची अंतिम लढत विम हूक्स्ट्रा आणि डॅरिल क्रिप्स यांच्यात झाली होती. विमचा निशाणवाला पुलापाशी पोचत आला होता. पूल गाठला की विम जिंकणार. निशाणवाल्याशेजारी त्याचा ढालकरी उभा. ढालकऱ्याची शक्ती अशी, की एक इंचाच्या आतल्या सोबत्यावरचा वार तो स्वतःवर घेतो. तेवढ्यात डॅरिलचा राक्षस धावून आला. त्याच्या अंगात दोन गोष्टी होत्या, वार आणि दोन इंचांचा धक्का. आता आधी काय? ग्लेनिसने अर्ध्या मिनिटात सांगून टाकलं, आधी धक्का. निशाणवाला दोन इंच मागे गेला, ढालीच्या टप्प्याबाहेर पडला आणि वाराने मेला. कप डॅरिलला मिळाला. विमने मूर्ती कापसात गुंडाळून डब्यात भरल्या. त्यानंतर तो मंडळात फिरकला नव्हता.

खुलासेपत्रावर तिने दहाव्या क्रमांकाला एवढंच लिहिलं: ‘आधी वार, मग धक्का.’ बाकी काही लिहायची गरज नव्हती. कुणाच्या ध्यानात आलं असतं? तिच्या मात्र आलं होतं. दुपारी तिने पुस्तक गाडीत टाकलं आणि विमच्या गावाचा, अल्व्हरस्टनचा रस्ता धरला.

विम अंगणात सरपणाची थप्पी लावत होता. कागदगिरणीत तीस वर्षं काढलेला, सहासष्टीचा उंचापुरा डच माणूस. गाडी बघून त्याने आत हाक मारली, “रिया, पंचबाई आल्यात गं! माझं लायसन्स काढून घ्यायला आल्या वाटतं.”

“मी चुकले होते, विम,” ग्लेनिस गाडीचं दार लावता लावताच म्हणाली.

“कशात?”

“तुला माहितीय कशात.”

“मला माहितीय. तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

“ढालकऱ्याच्या निवाड्यात. आधी वार, मग धक्का. तुझा माणूस मरायला नको होता.”

विमने हातातलं लाकूड खाली ठेवलं. तिने पान उघडून दाखवलं. त्याने पुस्तक लांब धरून वाचलं, मग जवळ धरून वाचलं.

“लांडग्यांच्या चित्राखाली!” तो म्हणाला. “सगळं पुस्तक तीनदा पालथं घातलं मी. फक्त चित्रं सोडून.”

रिया, त्याची बायको, दारात येऊन उभी होती. “वर्षभर डोकं खाल्लंय याने माझं,” ती म्हणाली. “जेवताना मिठाची बाटली ढालकरी आणि मिऱ्याची बाटली निशाणवाला. मला साधं मीठ घ्यायची चोरी झालीय.”

ग्लेनिसला हसू आलं, पण विम हसला नाही.

“हरल्याचं मला काही नाही गं,” तो म्हणाला. “चाळीस वर्षं हरतोय. पण तू विचारसुद्धा केला नाहीस. घड्याळाकडे बघितलंस आणि सांगून मोकळी झालीस.”

हे खरं होतं. त्या दिवशी हॉल पाचला रिकामा करून द्यायचा होता.

“लिहून दे,” विम म्हणाला. “निवाडा चुकला होता आणि विम हूक्स्ट्राचं बरोबर होतं, असं. आणि सगळ्यांसमोर वाच.”

वाचायचं तिच्या जिवावर आलं होतं. “वाचते,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये तिने उभं राहून वाचलं. आवाज नेहमीसारखाच होता. विम कोट न काढता मागे उभा होता. कोपऱ्यात चहाचं पाणी खदखदत होतं.

पहिला बोलला तो डॅरिल. तो बंदरावर फोर्कलिफ्ट चालवायचा, आणि हळू बोलणं त्याला जमत नसे. “म्हणजे वर्षभर मी चोरीचा कप घरात ठेवलाय?”

“चोरीचा नाही. निवाडा माझा होता,” ग्लेनिस म्हणाली.

“एकूण एकच. मांडा पुन्हा! तिथूनच मांडा!”

“राहू दे रे,” विम म्हणाला. “त्या दिवशीचे फासे त्या दिवशी गेले.”

“तुझं राहू दे होईल, माझं कसं होणार? येणाऱ्याजाणाऱ्याला कप दाखवतो मी. आता काय सांगू, अर्धा माझा आहे म्हणून? पण कोण कुठे उभं होतं ते कुणाला आठवतंय?”

विमने कोटाच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला. त्यावर सगळं टेबल काढलेलं होतं, इंचांसकट.

“हा माणूस पार वेडा आहे,” डॅरिल म्हणाला आणि त्याने टेप आणली.

मांडायला वीस मिनिटं लागली. निशाणवाल्यापासून पूल सात इंचांवर. निशाणवाला चार इंच चालतो, वर फाशावर पडेल तेवढे. म्हणजे विमला तीन किंवा जास्त हवे होते. फेरी शेवटची. राक्षसाचा वार ढालकऱ्याने घेतला. डॅरिलने फासा टाकला, ढालकरी पडला. विमने त्याला उचलून बाजूला ठेवलं आणि निशाणवाल्याकडे हात नेला.

“थांब,” डॅरिल म्हणाला. “धक्का राहिला.”

“वार ढालकऱ्यावर गेला, तर धक्काही त्यालाच.”

“का म्हणून? राक्षस धावला निशाणवाल्यावर!”

दोघांनी एकदमच ग्लेनिसकडे बघितलं.

विमचं म्हणणं मानलं, की गेल्या वर्षीची भरपाई केली असं होणार. डॅरिलचं मानलं, की विम पुन्हा कापसाचा डबा काढणार. तिला पटकन उत्तर द्यावंसं वाटलं, ती जुनीच सवय. पण ती म्हणाली, “मला दहा मिनिटं द्या,” आणि पुस्तक घेऊन हॉलच्या स्वयंपाकघरात गेली.

तिने चित्रांसकट सगळं वाचलं. दहाची पंचवीस मिनिटं झाली. ती बाहेर आली तेव्हा सगळे त्याच जागी उभे होते. विमने कोट मात्र काढला होता.

“सरळ उत्तर पुस्तकात नाही,” ती म्हणाली. “आहे ते सांगते. ढालकऱ्याच्या पानावर लिहिलंय, तो ‘वार’ स्वतःवर घेतो. धक्क्याचा उल्लेख नाही. आणि लांडग्यांच्या चित्राखाली वार आणि धक्का वेगवेगळे धरलेत. वेगळे आहेत म्हणूनच तुझी ढाल चालली, विम. तर मग ढाल वार अडवते, धक्का नाही. निशाणवाला दोन इंच मागे जाईल. कुणाला पुस्तकात याहून वेगळं दिसलं असेल तर आत्ता दाखवा.”

विमने हात पुढे केला. तिने पुस्तक दिलं. त्याने ढालकऱ्याचं पान वाचलं, मग लांडग्यांचं. ओठ हलवत, सावकाश.

“हं,” तो म्हणाला. “एका तोंडाने दोन बोलता येणार नाही. बरोबर आहे.” आणि आपल्याच हाताने त्याने निशाणवाल्याला दोन इंच मागे सरकवलं.

आता पूल नऊ इंचांवर होता आणि पाच हवे होते. विमने फासा तळहातात घोळवला आणि टाकला. फासा टेकडीवर आपटून परत आला.

“चार,” विमनेच सांगितलं. टेप लावून बघितलं. इंचभर कमी. “हरलो.”

डॅरिलने विमच्या पाठीवर थाप मारली. “पाई खातोस का? बायकोने मटण भरून भाजून दिल्यात.”

“आण,” विम म्हणाला. ग्लेनिसच्या हातातलं खुलासेपत्र घेऊन तो खुर्ची ओढून बसला. “हे अकरावं कलम आत्ताच लिही. ‘ढाल फक्त वार अडवते.’”

“‘ढालकरी फक्त वार अडवतो’ असं बरं,” ग्लेनिस म्हणाली.

“ढालकरी कसा? उद्या कुणी म्हणेल, ढाल मोडली तरी अडवतो.”

“ढाल मोडायचा नियमच नाही या खेळात.”

“सहाव्या पानावर आहे.”

तिने पेन उघडलं, खुर्ची त्याच्याजवळ घेतली आणि सहावं पान काढलं.