उन्हाळी

आषाढात कुणाला उन्हाळी लागते का? मी हे अव्वाला, माझ्या आईला, विचारलं तेव्हा तिनं चुलीपुढून मानही वळवली नाही. "पाऊस न्हाई म्हणल्यावर आषाढ काय अन् वैशाख काय," म्हणाली आणि धणे-जिऱ्याचं पाणी गाळत बसली.

मी नांदेडच्या कॉलेजातून मुरुडला घरी आले होते. धाकटी बहीण रुद्राणी आषाढाची माहेरी आली होती. वैशाखात तिचं लग्न उरकलं होतं. उरकलं हाच शब्द बरोबर. सोळा वर्षांची पोरगी, दहावीचा निकालही लागायचा होता. पण दुष्काळात लग्न चार माणसांत भागतं म्हणून गावानं पोरी उजवून टाकल्या, त्यात आमचे अप्पाही आले. लातूर जिल्हा झाला तेव्हा याच अप्पांनी दुकानात पेढे वाटले होते. जिल्हा झाला, पाट्या बदलल्या, साहेब लोक आले. टँकर मात्र त्याला वाटेल तेव्हा येतो.

रुद्राणीला लघवीला आग व्हायची. परसातून येताना ती भिंत धरून उभी राहायची. अंगावरून जात होतं, त्याला वासही होता. अव्वाच्या लेखी या सगळ्याचं नाव एकच, उन्हाळी. पाणी कमी पडलं, उष्णता वाढली, सब्जा दे. टँकरच्या पाण्यातला एक तांब्या ती लेकीसाठी झाकून ठेवायची आणि स्वतः तहान मारायची. तिच्या मायेला मी नावं ठेवत नाही. पण मायेनं रोग जात असते तर दवाखाने कशाला बांधले असते?

मग पोटात कळा सुरू झाल्या, अंग तापलं. मी कुणाला न विचारता तिला एस.टी.त बसवलं आणि लातूर गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि मला बाहेर बोलावलं.

"नवरा काय करतो हिचा?"

"ट्रकवर क्लीनर आहे."

त्यांनी सुस्कारा सोडला. हा संसर्ग नवऱ्याकडून आलाय, म्हणाल्या. गोळ्या दोघांनीही घ्यायच्या आणि पूर्ण घ्यायच्या. तो बरा होईपर्यंत हिला सासरी पाठवू नका. असंच अंगावर काढलं तर पुढं मूल राहायची पंचाईत. हिच्यापुरत्या गोळ्यांची पुडी त्यांनी माझ्या हातात दिली.

परतीच्या वाटेवर मी नुसती धुमसत होते. आमच्या दहावीच्या पुस्तकात प्रजननाचा धडा होता. शेषेराव सरांनी तो आम्हाला शिकवला नाही आणि रुद्राणीच्या वर्गालाही नाही. "घरी वाचून घ्या," म्हणाले. घरी? घरी कुणासमोर वाचायचा? मुलं फिदीफिदी हसली, मुलींनी माना खाली घातल्या आणि सर फळा पुसून पुढच्या धड्याला लागले. अशा माणसाला गाव आदर्श शिक्षक म्हणतं.

दुसऱ्याच दिवशी श्रावण लागला आणि रुद्राणीची सासू कमलम्मा मुलाला, मन्मथला, घेऊन तिला न्यायला हजर झाली. अव्वानं गोड आवाज काढला. "ईनबाई, पोरीला उन्हाळी लागलीय. ऱ्हाऊ द्या थोडे दिवस."

"त्यात काय मोठं!" कमलम्मा हसली. "आमच्या मन्मथलाबी हाय की. लग्नाच्या आदीपासून. उष्ण अंगाचाच हाय त्यो."

माझं डोकं फिरलं. मन्मथ कोपऱ्यात बसला होता. एकोणीस वर्षांचा, मिसरूड धड फुटलेली नाही.

"डॉक्टरला दाखवलंस?" मी विचारलं.

"न्हाई अक्का. आमचा डायवर, उस्ताद, म्हणला, इंजिनापाशी बसून गरमी होती. समद्या लाईनवाल्यांला होती."

"आणि ती गरमी काढायला उस्तादानं तुला कुठं नेलं होतं?"

त्याचे कान लाल झाले.

"महानंदा! पावण्यापुढं जीभ आवर," अव्वा ओरडली.

नाही आवरली. ही उन्हाळी नाही, रोग आहे, म्हणाले. तो यानं आणला आणि हिला दिला. औषध घेतलं तर दोघं बरी होतील, नाहीतर दोघांचंही वाटोळं होईल.

"माझ्या लेकराला रोगी म्हणतीस? ठिवा मग तुमची पोरगी तुमच्याचकडं!" कमलम्मानं मुलाचं मनगट धरलं आणि चहा तसाच टाकून चालती झाली. अप्पा दुकानातून धावत आले. पहिला प्रश्न काय, तर शेजारी कुणी ऐकलं का. अव्वा रडायला लागली, तेही माझ्यामुळं अब्रू गेली म्हणून. या घरात ताप पोरीला होता आणि काळजी अब्रूची.

या गोंधळात रुद्राणी परसदारानं बाहेर पडली होती, ते मला संध्याकाळी कळलं. गोळी द्यायला पुडी उघडली तर गोळ्या अर्ध्याच.

"बाकीच्या कुठायत?"

"त्यान्ला दिल्या. स्टँडवर जाऊन." तिचा चेहरा तापानं लाल होता, पण आवाजात हुशारी होती. "तूच म्हणलीस की, दोघांनी घ्यायच्या. त्येनी घरी पोचल्यावर खातो म्हणलेत. मग मीबी घेईन. त्यांच्या आदी मी कशी खाऊ अक्का?"

सकाळपासून तिनं एकही घेतली नव्हती. नवऱ्याआधी जेवायचं नाही, एवढं एक शिक्षण तिला घरानं पक्कं दिलं होतं. माझा हात उठला होता, पण ती शाबासकीची वाट बघत होती.

"गिळ. आत्ताच्या आत्ता," मी गोळी तिच्या तळहातावर ठेवली. "अर्ध्या गोळ्यांनी कुणीच बरं होत नसतं. उद्या लातूरहून आणखी आणू, त्याच्यासाठीही. त्याच्या आईच्या देखत त्याला दवाखान्यात नेईन."

तिनं गोळी गिळली. मग मी तिला समोर बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले, प्रत्येक अवयवाचं नाव घेऊन. अव्वा दारात आली.

"देवापुढं असलं बोलू नगं."

"मग देवघराचं दार लाव आणि इथं येऊन बस. तूही ऐक."

अव्वानं दार लावलं. बसली नाही, पण गेलीही नाही.

रुद्राणीनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "अक्का, मला लेकरू होईल का गं?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

आणि अव्वा मटकन खाली बसली.