कापसाचं छत

भूकंपाला आठ वर्षं झाली होती आणि लातूरच्या त्या गल्लीत दर दोन घरांआड एक क्लास निघाला होता. क्लास आले तशा पोरी आल्या, पोरी आल्या तशा भाड्याच्या खोल्या आल्या. मग पिंजारी करीम नद्दाफ तरी मागे कसा राहील? गाद्यांच्या पत्र्याच्या दुकानामागे त्यानंही स्लॅबच्या तीन खोल्या चढवल्या.

त्याची थोरली लेक बिलकीस वीस वर्षांची. लहानपणी मोठ्या डॉक्टरांनी तिच्या कागदावर 'डाउन सिंड्रोम' असं लिहून दिलं होतं. गल्लीनं एवढं लांबलचक काही वाचलं नाही, 'भोळी' म्हणून ती मोकळी झाली. भोळी कसली! खोळीत कापूस कमी पडला की जास्त, हे ती नुसत्या तळहातानं सांगायची आणि तिचं कधी चुकायचं नाही. बोलणं सावकाश, चालणं सावकाश, आणि दुपारी पिंजणाचं यंत्र सुरू झालं की तिचं सगळं जगच सावकाश व्हायचं. पत्र्याच्या भोकांतून ऊन उतरायचं, त्यात कापसाचे तंतू तरंगत राहायचे, खाली यायचं नावच घ्यायचे नाहीत. बिलकीस हातातला दाभण विसरून बघत बसायची. करीम तिला हाक मारायचा, पण जरा वेळानं. आधी थोडं त्यालाही बघावंसं वाटायचं.

आरती जूनमध्ये त्यातल्या एका खोलीत राहायला आली. निलंग्याकडची, भूकंपात पडलेल्या आणि दुसरीकडे नव्यानं वसवलेल्या गावची. बारावीचं वर्ष होतं आणि डॉक्टर व्हायचं मनात होतं. त्या काळी लातुरात जिवाभावाच्या मैत्रिणीसुद्धा एकमेकींपासून मार्क लपवायच्या. बिलकीसपासून कुणी काय लपवणार? आरती गाद्यांच्या चळतीवर बसून मोठ्यानं वाचायची आणि बिलकीस टाके घालत ऐकायची. महिनाभरात हृदयाचे चार कप्पे तिला उशीच्या चार कोपऱ्यांसारखे पाठ झाले. गिऱ्हाइकाला गादी दाखवता दाखवता ती मध्येच 'लेफ्ट ऑरिकल' म्हणायची. गिऱ्हाईक बिचारं करीमकडे बघायचं आणि आरती हसून लोळायची.

पण आरतीला झोप नव्हती. स्लॅबखाली पाठ टेकली की छत अंगावर येईलसं वाटून ती उठायची. रात्रभर ती जिन्यात बसून राहायची आणि क्लासमध्ये डुलक्या घ्यायची. तीन परीक्षांत मार्क घसरत गेले, तशी क्लासनं घरी चिठ्ठी धाडली. येत्या रविवारी तिचा बाप रामकिशन तिला कायमचं न्यायला येणार होता. म्हणजे क्लास संपला, डॉक्टरकीही संपली. हे कळलं त्या दिवशी बिलकीस जेवली नाही. उभ्या जन्मात तिला मैत्रीण मिळाली ती एकच, आणि तीही आता एसटीत बसून जाणार होती.

मग तिनं विचार केला. बिलकीस विचार करते हे घरात कुणाला खरं वाटत नसे, त्यामुळे तिला तो निवांत करता यायचा. भूकंपाची पहाट तिला चांगली आठवत होती. लातूर हादरलं तेव्हा करीमनं दुकानातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गाद्या पोरांवर टाकल्या होत्या. खाली अंधार, नव्या कापसाचा वास, भावंडांचे पाय एकमेकांत अडकलेले, आणि वरून अब्बांचा आवाज, की वर कापूस आहे, काही होत नाही. लोक त्या पहाटेबद्दल रडत बोलायचे. बिलकीसला मात्र ती पहाट फार आवडायची, आणि हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

शनिवारी तिनं एक तयार गादी ओढून घेतली आणि तिच्या चारही कोपऱ्यांना जाडजूड नाड्या शिवल्या. करीमनं ते पाहून कपाळाला हात लावला. गादीला नाड्या कशाला? बिलकीसनं वर बोट दाखवलं. आरतीच्या खोलीत छताला बांधायची. छत पडलं तरी आधी कापूस अंगावर येईल, काही होणार नाही. करीम रागवायचंच विसरला. लेकीशेजारी बसून त्यानं समजावलं, की एवढी जड गादी वर टिकायची नाही, भूकंप राहिला बाजूला, तीच पोरीच्या अंगावर कोसळेल. पिंजाऱ्याच्या पोरीनंच करावी अशी चूक होती ती, आणि पिंजाऱ्याला तिचा राग येणंही शक्य नव्हतं. संध्याकाळपर्यंत बिलकीस त्या नाड्या उसवत बसली. तिचे डोळे सारखे भरून येत होते.

रविवारी दुपारी आरती ट्रंक भरत होती. बिलकीस तीच गादी जिन्यावरून ओढत वर घेऊन आली आणि जमिनीवर टाकली. छताचं जमलं नाही, असं तिनं खाली मान घालून कबूल केलं. कसलं छत, असं आरतीनं खोदून विचारलं आणि नाड्यांची सगळी हकिगत ऐकली. ती हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं. मग आजवर कुणालाही न सांगितलेलं तिनं सांगितलं. त्यांचं घर माळवदाचं, दगडामातीचं होतं. त्या रात्री आईबाप शेतावर होते, आणि उकडत होतं म्हणून ती आजीजवळ अंगणात निजली. धाकटा भाऊ रामलिंग आत निजला होता.

"त्यो एकलाच व्हता आत," आरती म्हणाली. "मी भाईर व्हते."

बिलकीसनं वर स्लॅबकडे पाहिलं, मग आरतीकडे पाहिलं.

"मी हाय ना," ती म्हणाली. "मी झोपते इथं. पडलं तर दोघीवर पडंल."

आणि ती खरोखर आडवी झाली, डोळे मिटून घेतले. आरतीनं तिला दोनदा ऊठ म्हणून पाहिलं. बिलकीस ढिम्म. आता हिला छताखाली एकटीला टाकून जिन्यात जाऊन बसायचं कसं? आरती उंबऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. गादीच्या कडेला टेकली. मग कलंडली, आणि बिलकीसची ओढणी मुठीत घट्ट धरून पडून राहिली.

बिलकीस जागीच होती. मूठ हळूहळू सैल होत गेली, शेजारचा श्वास लांब होत गेला, तो तिनं ऐकला. नाकावर एक तंतू येऊन बसला होता, खाजत होतं. हाताला मुंग्या आल्या होत्या. पण तिनं बोटसुद्धा हलवलं नाही. खाली यंत्र घरघरत होतं. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत सरकत कोपऱ्यात गेलं, आणि तिला वाटलं, खोली आता कापसानं काठोकाठ भरली आहे.

जिन्यावर पावलं वाजली. रामकिशन दारात येऊन थबकला. बिलकीसनं मान न उचलता ओठांवर बोट ठेवलं.

"झोपली का गं माय?" त्यानं हळूच विचारलं.

"हाव," ती म्हणाली. "एकली न्हाई झोपत ती. आत या."

रामकिशन बराच वेळ वर स्लॅबकडे बघत उभा राहिला. मग चपला काढून तो आत आला, भिंतीला टेकून बसला आणि रुमालात तोंड खुपसून आवाज न करता रडला. बिलकीसनं त्याला रडू दिलं. निलंग्याची चारची गाडी गेली, मग पाचचीही गेली. तिघंही स्लॅबखालीच होती.