एका घोटाला एक अक्षर

आमच्या मालकांना गळ्याचा कॅन्सर झाला आन् डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढली. आता ते मानंच्या भोकातून श्वास घेत्यात. शिरूरच्या मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारायचे, तवा आवाज पार घोड नदीच्या पुलापलीकडं जायचा. आता घरात माझ्याच बांगड्या वाजत्यात.

दवाखान्यात बोलायला शिकवणारी निलोफर म्हणली, "बन्सीमामा, हवेचा घोट गिळायचा आणि ढेकरासारखा वर काढायचा. एका घोटाला एकच अक्षर. म्हणा, पा." मालकांनी पा म्हणलं. बाकड्यावरची एक बाई फिस्सकन हसली. झालं! तवापासनं तोंड बंद. दारात कुणी जयभीम घातला तर नुसते हात जोडायचे आन् आत जायचे.

मला बोलवायला पेला वाजवायचे. एक टोला म्हंजी पाणी, दोन टोले म्हंजी चहा. मी काय शाळेतली शिपाईण हाय? चाळीस वर्सं मला नुसतं "ए" म्हणून हाक मारली, त्याचाबी राग यायचा. आता त्याच "ए"साठी जीव तुटत व्हता, खरं सांगते. लेक गौतमी तिकडं दौंडला नांदती. दिवसभर बोलायचं तरी कुणाशी, भिंतीशी?

एक दिवस माझं डोकंच फिरलं. पेला फळीवर टाकला आन् म्हणलं, "तोंडानं बोलवा, न्हाईतर बोलवूच नका!"

त्यांनी बोलवलंच न्हाई. पाणी सोताच घ्यायचे. असं चार दिवस. त्यात मोरीत नळ सोडून तासतासभर बसायचे. "टाकी रिकामी करताय व्हय?" म्हणून त्याच्यावरबी ओरडले. माझंच तोंड, माझीच चूक.

पाचव्या दिवशी सकाळी मी मागल्या दारी भांडी घासत व्हते. मोरीतला नळ बंद झाला. मग आतून आवाज आला, फुटक्या डब्यावाणी.

"चां."

माझा हात थांबला. आत घोट गिळल्याचं ऐकू आलं.

"गु."

पुन्हा सगळं गप्प. अडकलं का काय, म्हणून मी दाराकडं कान लावला.

"णा."

अगं बाई! उभ्या जन्मात या माणसानं माझं नाव घेतलं नव्हतं. "ए" एका घोटात झालं असतं. त्यांनी तीन खर्चले.

डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. ओ अगदी व्हटावर आली व्हती, पण मी दिली न्हाई. पातेलं तसंच मांडीवर धरून बसले. म्हणलं, अजून एकदा हाक मारू दे.